पोट बिघडलंय, दुर्बीण करायलाच हवी का?

ताई, मी दोन वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो. वय ६०. वर्षभर सकाळी तीन-चार वेळा जावं लागतं. कळ येते, जाऊन आलं की थांबते. शुगरची गोळी चालू आहे. गावातले डॉक्टर दर महिन्याला आवेच्या गोळ्या देतात. मुलगा आयबीएस (आतडं नाजूक होऊन पोट वारंवार बिघडण्याचा आजार) म्हणतो, बायको म्हणते रिकामपणाचे चाळे. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीची (कोलोनोस्कोपी) भीती वाटते. करायलाच हवी का?

हो, करायला हवी.

मुलाचा अंदाज अगदीच चुकलेला नाही. कळ येणं आणि गेल्यावर थांबणं आयबीएसशी जुळतं. पण हा आजार बहुधा तरुणपणीच डोकं वर काढतो. पन्नाशीनंतर पोटाची सवय पहिल्यांदाच बदलली, तर मोठ्या आतड्याचा कर्करोग, आतड्याची सूज, आपल्याकडे क्षयसुद्धा, हे आधी वगळावं लागतं. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, शौचाची तपासणीही होईल. ती न करताच आवेच्या गोळ्या गिळत राहणं आता पुरे. शौचातून रक्त, वजन घटणं किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागणं, यातलं काहीही असेल तर याच आठवड्यात जा.

शुगरची गोळी मेटफॉर्मिन आहे का? ती कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, हे आठवून डॉक्टरांना सांगा. तिनं अनेकांचं पोट सैल होतं. मात्र स्वतःहून बंद करू नका.

सगळं स्वच्छ निघालं आणि आयबीएसच ठरला, तरी कळ खरीच असते. मेंदू आणि आतड्याचं गणित बिनसलेलं असतं. मग इसबगोल थोड्यापासून सुरू करा, भरपूर पाण्याबरोबर. गव्हाचा कोंडा नको, त्यानं गॅस वाढतो. कांदा, लसूण, गहू, राजमा काही आठवडे बंद करून एकेक परत आणून बघा, आहारतज्ज्ञाला विचारून. (चातुर्मासात ज्यांचं पोट शांत असतं, त्यांनी पुण्याबरोबर थोडं श्रेय कांदा-लसणातलं फ्रुक्टान, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारं कर्बोदक, टळल्यालाही द्यावं.) निवृत्तीनंतर वाढलेले दुधाचे चहाही मोजा.

दुर्बिणीत खरा त्रास आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाचा. तपासणी साधारण अर्ध्या तासाची, बहुतेक ठिकाणी झोपेचं इंजेक्शन देऊन करतात. त्यामुळे सोबत कुणीतरी लागतंच. वहिनींनाच न्या; डॉक्टर काय म्हणतात ते त्यांनाही ऐकू दे.