रोजचा फोंडा-पणजी प्रवास, सुटीला चोर्ला घाट, कधी डबलसीट : सस्पेन्शन कसे लावावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे २०२३ ची, सस्पेन्शनचे सेटिंग बदलता येणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर आहे. रोज फोंड्याहून बाणस्तारी, जुने गोवे या वाटेने पणजीला जाता, सुटीच्या दिवशी साखळी-केरीमार्गे चोर्ला घाट चढता आणि कधी कधी पत्नी मागे बसलेली असते. घाटातल्या वळणावर गाडी मागून झुलते, उखडलेल्या रस्त्यावर मात्र हातांना दणके बसतात, आणि गॅरेजमध्ये विचारले तर "शॉकअप टाइट करून टाकू" एवढेच उत्तर मिळते. तेव्हा आपल्या चालवण्याच्या पद्धतीला साजेसे सेटिंग कसे निवडावे, हे तुम्हाला हवे आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, चालवण्याची पद्धत या कामात सर्वांत शेवटी विचारात घ्यावी. आधी वजन, नंतर रस्ता आणि त्यानंतर पद्धत, असा क्रम धरला तरच प्रत्येक क्लिकचा, म्हणजे सेटिंगचा स्क्रू फिरवताना लागणाऱ्या एकेका टप्प्याचा, अर्थ कळतो. तुमच्या दोन तक्रारींपैकी झुलणे हे बहुधा मागच्या चाकाचे दुखणे आहे आणि दणके पुढच्या चाकाचे. दोन्हींवर एकच "टाइट" हा उपाय केला, तर पहिले थोडे कमी होईल आणि दुसरे नक्की वाढेल.

सुरुवात मागच्या शॉकअपच्या प्रीलोडपासून, म्हणजे वरच्या रिंगने स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबापासून, करावी लागते आणि नेमका येथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि वेढ्यांचा व्यास यांवर ठरतो आणि वरची रिंग कितीही फिरवली तरी त्यात फरक पडत नाही. रिंग फिरवल्याने बदलते ती तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली जाते ही गोष्ट. हे खाली जाणे, ज्याला सॅग म्हणतात, फार जास्त असेल तर चाकाला वर येण्यासाठी जागा उरत नाही आणि गतिरोधकावर शॉकअप तळाला आपटतो. फार कमी असेल तर चाकाला खाली उतरण्यासाठी जागा राहत नाही, आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतर रस्त्यांची जी अवस्था होते तिच्यात ही दुसरी उणीव अधिक घातक ठरते, कारण खड्डा आला की चाकाने खाली उतरून जमीन धरून ठेवायची असते. ते उतरले नाही तर तेवढा वेळ टायर अधांतरी राहतो.

सॅग मोजायला एक टेप आणि दोन मदतनीस पुरतात. मागच्या चाकाच्या एक्सलपासून सरळ वर, शेपटीच्या पॅनेलवर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा. गाडी उचलून मागचे चाक पूर्ण लोंबकळत असताना या दोन बिंदूंमधले अंतर मोजा. हे पहिले माप. नंतर गाडी चाकांवर सरळ उभी करून, कोणीही न बसता, दुसरे माप घ्या. शेवटी हेल्मेट, जॅकेट, बूट आणि नेहमीची पाठपिशवी यांसह तुम्ही स्वतः बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा, एकाने पुढून हँडल धरावे आणि दुसऱ्याने तिसरे माप घ्यावे. शॉकअपच्या आत घर्षण असल्यामुळे गाडी एकदा दाबून हलकेच सोडल्यावर आणि एकदा उचलून हलकेच सोडल्यावर अशी दोन मापे घेऊन त्यांची सरासरी धरणे योग्य. पहिल्या मापातून तिसरे वजा केले की तुमच्यासह सॅग मिळतो, आणि दुसरे वजा केले की नुसत्या गाडीचा.

तुमच्या मॉडेलच्या मागच्या चाकाची एकूण हालचाल १७७ मिलिमीटर आहे. तिच्या साधारण ३० टक्के, म्हणजे ५० ते ५५ मिलिमीटर, इतका सॅग स्वारासह असावा, हा रस्ता आणि थोडी कच्ची वाट अशा मिश्र वापरासाठी चांगला आरंभबिंदू आहे. तेवढा येईपर्यंत रिंग फिरवा आणि मग नुसत्या गाडीचा सॅग पुन्हा पाहा. तो १५ ते २० मिलिमीटरच्या आसपास असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला योग्य आहे. तो जवळजवळ शून्यावर आला असेल तर तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ पडते आणि प्रीलोडने ती उणीव झाकली जात आहे. उलट तो खूपच जास्त असेल तर स्प्रिंग तुम्हाला कडक आहे. स्प्रिंग बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी हे एवढे मोजमाप जरूर करावे, असे मी आग्रहाने सांगेन. सॅग बदलला की चेनचा ढिलेपणाही तपासा.

सॅग जुळला की रिबाउंडकडे वळा. दाबली गेलेली स्प्रिंग परत उघडताना तिला तेलाच्या साहाय्याने आवर घालणे हे रिबाउंड डॅम्पिंगचे काम. ते कमी असेल तर उंचवटा पार झाल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबत नाही, पुन्हा खाली-वर होते, आणि वळणावर हेच झुलणे म्हणून जाणवते. वळणात झुलणाऱ्या गाडीचे बहुतेक उत्तर येथे सापडते, म्हणून मागचा रिबाउंड दोन क्लिक वाढवून त्याच वळणांवर पुन्हा पाहा. मात्र तो अति वाढवला तर उलट दोष उत्पन्न होतो. एक धक्का पचवून स्प्रिंग उघडते न उघडते तोच दुसरा धक्का येतो, मग तिसरा, आणि प्रत्येक धक्क्यागणिक सस्पेन्शन थोडे थोडे खाली बसत जाते. हे ओळखण्यासाठी गोव्याइतकी उत्तम सोय क्वचितच कुठे असेल, कारण आपल्याकडे चौकांच्या आणि शाळांच्या अलीकडे जाड पांढऱ्या पट्ट्यांचे रंबलर असतात. मागेपुढे वाहन नसताना, एका स्थिर आणि बेताच्या वेगाने त्या पट्ट्यांवरून जा आणि फक्त हातांकडे लक्ष द्या. पहिल्या दोन पट्ट्या मऊ आणि शेवटच्या कठीण लागल्या, तर पुढचा रिबाउंड जास्त झालेला आहे. तो दोन क्लिक कमी करा. पहिल्या पट्टीपासूनच सारखे दणके बसत असतील, तर दोष कंप्रेशनकडे शोधावा.

कंप्रेशन डॅम्पिंग म्हणजे स्प्रिंग दाबली जात असताना होणारा विरोध. तुमच्या गाडीत तो फक्त पुढच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या सस्पेन्शनमध्ये, बदलता येतो. फोर्कच्या चकचकीत नळीवर प्लास्टिकची एक केबल टाय बेताची घट्ट बांधा आणि ती सीलपर्यंत सरकवून ठेवा. दिवसभर चालवून आल्यावर ती जिथे सरकलेली दिसेल तिथपर्यंत फोर्क दाबला गेला होता. पुढची एकूण हालचाल १७० मिलिमीटर आहे. तिच्यापैकी बराच भाग वापरला गेला पाहिजे, परंतु फोर्क तळाला आपटता कामा नये. वाईट रस्त्यावरून येऊनही टाय अर्ध्यावरच राहिली असेल आणि हातांना दणके बसत असतील, तर तुमचे कंप्रेशन जास्त आहे, ते दोन-दोन क्लिकने कमी करत जा. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता अधिक वाटते. त्याआधी थंड टायरमधली हवा मात्र तपासून घ्या, कारण जादा हवेचे दणके आणि जादा कंप्रेशनचे दणके हातांना जवळजवळ सारखेच लागतात.

आता चालवण्याच्या पद्धतीविषयी. ब्रेक लावल्यावर फोर्क दबतो, हँडलचा कोन उभा होतो आणि गाडी पटकन वळते. ब्रेक सोडल्यावर पुढचा भाग वर येतो आणि गाडीची रेषा बाहेर सरकू पाहते. चोर्ला घाट उतरताना ही चढउतार प्रत्येक वळणावर होते. जो स्वार वळणाच्या तोंडाशी येऊन जोरात ब्रेक लावतो त्याला पुढचे कंप्रेशन आणि रिबाउंड दोन्ही थोडे जास्त लागतात, म्हणजे पुढचा भाग एकदम कोसळत नाही आणि एकदम उसळतही नाही. जो आधीच वेग कमी करून शांतपणे वळणात शिरतो त्याने कंप्रेशन कमी ठेवले तरी गाडी स्थिर राहते, आणि उखडलेल्या डांबरावर त्याचे हात कमी शिणतात. बेळगावहून भाजी घेऊन येणारी वाहने त्या घाटात कोणत्याही वळणामागून समोर येऊ शकतात, त्यामुळे मी दुसऱ्या पद्धतीची शिफारस करतो आणि सेटिंगही तिलाच धरून सुचवतो. खाणपट्ट्यातल्या तांबड्या मातीच्या वाटांवर उभे राहून चालवत असाल, तर कंप्रेशन आणखी कमी आणि रिबाउंडही थोडा मोकळा ठेवावा.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. ओल्या, शेवाळलेल्या, पानांनी झाकलेल्या रस्त्यावर ब्रेक आणि थ्रॉटल दोन्ही हळुवार असतात, वजनाची ढकलाढकल कमी होते, आणि म्हणून त्याच सेटिंगमध्ये टायर जमिनीवर कमी दाबला जातो. जून ते सप्टेंबर पुढेमागे दोन क्लिक मऊ ठेवले तर पकड सुटण्यापूर्वी गाडी ते अधिक स्पष्टपणे कळवते.

पत्नी मागे बसणार असतील त्या दिवशी प्रीलोड बदलणे अपरिहार्य आहे. त्यांचे बहुतेक वजन मागच्या चाकावर येते, गाडीची शेपटी खाली जाते, पुढचे चाक हलके होते, वळणात गाडी बाहेर जाऊ लागते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दोघांनी बसून सॅग पुन्हा ५०-५५ मिलिमीटरवर आणा आणि त्यासाठी रिंग किती फिरवावी लागली ते लिहून ठेवा. गणेश चवथीच्या बाजाराच्या पिशव्या असतील तर त्याही मोजताना घ्या. प्रीलोड वाढला की स्प्रिंग अधिक जोराने उघडते, म्हणून मागचा रिबाउंडही एक-दोन क्लिक वाढवावा, आणि परत एकट्याने निघताना दोन्ही पूर्ववत करावेत. आपल्या पायलटांच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्यांच्या, मागे दिवसभर प्रवासी असतो, त्यामुळे त्यांच्या शॉकअपच्या प्रीलोडची खाच वरची असणे रास्तच आहे, पण ती पाहून एकट्याने चालवणाऱ्याने आपली खाच वर चढवू नये. क्लासिक ३५० सारख्या गाडीत मागे प्रीलोडच्या सहा खाचांखेरीज काही बदलता येत नाही, तरी सॅगचे हेच मोजमाप तिथेही करता येते.

क्लिक मोजण्याची रीत एकच ठेवा: स्क्रू घड्याळाच्या दिशेने, जोर न लावता, पूर्ण बंद होईपर्यंत फिरवा आणि तिथून उलटे मोजा. आरामदायी, सर्वसाधारण, वेगवान आणि पूर्ण भार अशा स्थितींचे क्लिक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले आहेत. सर्वसाधारणपासून सुरुवात करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तपासायला रोजच्या वाटेवरचा तोच तुकडा निवडा. घरातून निघाल्याबरोबर निर्णय घेऊ नका, कारण तेल तापले की पातळ होते आणि डॅम्पिंग कमी होते. काही किलोमीटर गेल्यावर जे जाणवते ते खरे.

हे सर्व शॉकअप आणि फोर्क धडधाकट असतील असे धरून सांगितले आहे. रिबाउंड पूर्ण बंद करून आणि पूर्ण उघडून, दोन्ही वेळा मागची सीट दाबून पाहा. वर येण्याच्या वेगात काहीच फरक दिसला नाही, तर शॉकअपचे तेल किंवा गॅस गेलेला आहे आणि कितीही क्लिक फिरवले तरी उपयोग नाही. फोर्कच्या नळीवर तांबड्या धुळीचा ओशट थर दिसत असेल तर ऑईल सील पाझरू लागले आहे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत नळीवर गंजाचा ठिपका पडला की तोच ठिपका सील कापतो, म्हणून आठवड्यातून एकदा मऊ, ओल्या फडक्याने नळ्या पुसत जा. मापे घेतल्यावर नुसत्या गाडीचा सॅग, एकट्याचा सॅग, दोघांचा सॅग आणि तुमचे वजन येथे कळवा. स्प्रिंग बदलावी लागेल की नाही, ते त्या चार आकड्यांवरून सांगता येईल.