शेतकऱ्यांनी गट करून स्वतःच्या शेतात प्रयोग केले, तर उत्पादन आणि उत्पन्न खरंच वाढतं का?

वाढतं. आमच्या गटात झडती, म्हणजे एकरी उत्पादन, थोडीच वाढली. खर्च मात्र चांगला उतरला, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती जे काही उरतं ते त्यातूनच.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. पाच एकर, कपाशी-तूर आणि थोडं सोयाबीन. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, आणि त्याच हंगामात जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन माणसं गेली. तोवर औषध कोणतं आणि कधी मारायचं, हे आम्ही कृषी केंद्रात विचारायचो. पुढच्या खरिपात नऊ जण बसलो आणि एकच प्रश्न धरला: कोणती फवारणी टाळली तर चालते?

प्रत्येकानं एक एकर काढला. अर्ध्यात नेहमीची फवारणी, अर्ध्यात मोजून. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग ओढणारे) लावले, रोज सकाळी पतंग मोजले. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग पडले, किंवा वीस हिरवी बोंडं फोडून दोनात अळी निघाली, तरच पंप पाठीवर घ्यायचा. वरून बोंड ठणठणीत दिसतं. फोडलं की आत सरकी पोखरत बसलेली अळी. वेचणीला दोन्ही अर्ध्यांचा कापूस वेगळा बांधला, वेगळा तोलला, वहीत लिहिला. वजनात फरक नावालाच, फवारण्या मात्र दोन-तीन कमी. तो वाचलेला पैसा ज्याच्या त्याच्या घरात राहिला.

सोयाबीनचंही तसंच. सरळ वाण, म्हणजे संकरित नसल्यानं घरचं बियाणं चालतं. आम्ही १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळतो, ७० च्या वर उगवले तर तेच पेरतो. बॅग विकत घ्यावी लागत नाही.

शेतीशाळा, म्हणजे शेतकऱ्यांनी शेतातच एकत्र बघून-मोजून शिकायचा वर्ग, ही याचीच बहीण. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांपायी ती सुरू झाली. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो: भाग घेणाऱ्यांचं उत्पादन सरासरी १३ टक्के, नफा १९ टक्के वाढला, पण शेजाऱ्यापर्यंत ते पोचलं नाही. मला हे पटतं. आमच्या धुऱ्यापलीकडचा भाऊ सापळे रोज बघतो, तरी फवारतो जुन्याच हिशेबानं. ज्यानं स्वतः बोंड फोडलं नाही, त्याला नुसतं सांगून भागत नाही. म्हणून गट लहान ठेवा, पण दरवर्षी नवी माणसं घ्या.

भाव पडला तर यातलं काही कामी येत नाही, हेही खरं.

आणि बायांना पहिल्या दिवसापासून बसवा. आम्ही तीन वाण लावून नुसती झडती तोलत होतो. वेचायला आलेल्या काकू म्हणाल्या, "याचं बोंड बारीक हाय, दिवसभर वेचून किलो भरत नाही, पुढच्या साली इथं कोणी येणार नाही." वेचणीची मजुरी किलोवर असते. तेव्हापासून वहीत आणखी एक रकाना आहे: एका बाईनं दिवसात किती किलो वेचला. वाण आता आम्ही तो रकाना पाहूनच ठरवतो.