दीर दाव्यामागून दावे लावतात, त्यांना रोखता येईल का?

प्रश्न : सासऱ्यांच्या जमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा होऊन दिरांचे अपीलही फेटाळले गेले. तरी त्यांनी त्याच गटावर आणखी चार दावे आणि दोन फौजदारी तक्रारी केल्या. सगळे फेटाळले गेले, आता पुन्हा समन्स आले आहे. मी विधवा, तारखांनी थकले. यांना कायमचे रोखता येईल का? (एक भगिनी, सातारा जिल्हा)

ताई, आधी हातातले समन्स. ‘जुनेच आहे’ म्हणून गैरहजर राहू नका, एकतर्फी हुकूम झाला तर निस्तरणे अवघड जाते. कैफियतीत (कोर्टात द्यायच्या लेखी उत्तरात) दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ११, म्हणजे रेस ज्युडिकाटा (एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा चालवता येत नाही हा नियम), स्पष्ट घ्या आणि तो प्राथमिक मुद्दा काढून आधी ऐकावा असा अर्ज द्या. बरेच जण ऑर्डर ७ नियम ११ खाली दावाच फेटाळा म्हणतात. पण तिथे कोर्ट मुख्यतः वादीचा दावाअर्ज पाहते. जुने मुद्दे आणि निकाल तपासावे लागणार असतील तर तो अर्ज टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. कलम ३५-अ खाली खोट्या दाव्याची भरपाईही मागा. मर्यादा अवघी ३,००० रुपये आहे, ती मला अन्यायकारक वाटते. तरी कोर्टाने दावा खोटा व त्रासदायक म्हटल्याची नोंद पुढे उपयोगी पडते.

कारण कायमच्या बंदोबस्तासाठी महाराष्ट्राचा १९७१ चा स्वतंत्र कायदा आहे. सवयीने, सबळ कारणाशिवाय त्रासदायक दावे किंवा फिर्यादी लावणाऱ्याला उच्च न्यायालय त्याचे म्हणणे ऐकून मनाई करू शकते. मग नवी केस लावण्याआधी त्याला परवानगी घ्यावी लागते. कोर्टाचे दार पूर्ण बंद होत नाही, आणि होऊही नये. मात्र हा अर्ज तुम्हाला थेट करता येत नाही. तो राज्याचे महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे सर्वोच्च वकील, करतात. त्यांच्याकडे निवेदन द्यायचे.

किती दाव्यांनंतर, असा आकडा कायद्यात नाही. नुसते हरणे म्हणजे खोडसाळपणा नव्हे, अपील हा त्यांचा हक्कच होता. त्यानंतरचे चार दावे मात्र वेगळे. त्या प्रत्येकाच्या दावाअर्जाची व निकालाची सही-शिक्क्याची नकल काढा, तक्रारींचे आदेशही जोडा. तारीख, गट नंबर, मागणी, निकाल असा एका पानाचा तक्ता करा. निवेदनाचा सगळा जोर त्या पानावर असेल.

तोवर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट (आधी मला कळवा, असा अर्ज) दाखल करा, म्हणजे तुम्हाला नोटीस न देता दिरांना मनाई हुकूम मिळणार नाही. ते ९० दिवसच चालते, संपण्याआधी नवे टाका.