चीटिंग सापडली तरी विजय त्याचाच?

प्रश्न: मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्यामुळे मलाही नॅस्कारच्या, म्हणजे तिकडच्या मोटार शर्यतींच्या संघटनेच्या, रेस बघायचा नाद लागलाय. गाडीत गडबड सापडली की दंड करतात, पॉइंट कापतात म्हणे, मग जिंकलेली रेस का नाही काढून घेत? – एक वाचक, नाशिक

उत्तर: आता घेतात हो, पण ते व्हायला फार वर्षं गेली आणि माझ्या मते त्यात दोष नॅस्कारचाच. सुरुवात खरंतर कडक होती. १९४९ ला अमेरिकेतल्या शार्लट शहरात त्यांची पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' रेस झाली, म्हणजे शोरूममधली गाडी जशीच्या तशी पळवायची, त्यात ग्लेन डनवे पहिला आला आणि तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार निघाला, चोरटी दारू पळवणारे गाड्यांना करायचे तसला. सरळ बाद! विजय जिम रोपरला दिला, गाडीचा मालक कोर्टात गेला तर तिथेही हरला.

नंतर मात्र धोरण असं झालं की लोकांनी मैदानात ज्याला जिंकताना बघितलं तोच विजेता राहणार. त्याचा कळस १९८३ मध्ये, परत शार्लटलाच. रिचर्ड पेटी जिंकला, इंजिनाचा आकार मोजला तर मर्यादा ३५८ क्युबिक इंचांची आणि हे जवळपास ३८२ चं, वर डाव्या बाजूचे टायर उजवीकडे लावलेले, तेही नियमाबाहेर. ३५,००० डॉलर दंड झाला, १०४ पॉइंट गेले, पण विजय तसाच, त्याच्या २०० विजयांमध्ये तो आजही धरतात. पेटी फार मोठा ड्रायव्हर, त्यात वादच नाही, पण नियमातल्या गाडीने जो दुसरा आला त्याच्यावर हा सरळ अन्याय आहे. आणि पैसेवाल्या टीमला दंडाचं काय, तो खर्चात धरून चालतात.

२०१९ पासून नियम बदलला, रेस संपल्यावर ट्रॅकवरच तपासणी आणि मोठी गडबड निघाली तर पहिला नंबरही बाद. २०२२ च्या जुलैमध्ये पोकोनोच्या ट्रॅकवर तेच झालं, डेनी हॅमलिन पहिला, काइल बुश दुसरा, दोघं एकाच टीमचे आणि दोघांच्याही गाडीच्या पुढच्या भागावर रंगीत आवरणाखाली टेपची छोटीशी पट्टी सापडली, हवेचा प्रवाह बदलतो ना त्याने. दोघंही बाद. १९६० नंतर पहिल्यांदाच कप रेसच्या (नॅस्कारची सर्वात वरची मालिका) विजेत्याचा विजय काढून घेतला! टीमने अपीलही केलं नाही. विजय तिसऱ्या आलेल्या चेस एलियटला गेला, जो त्या दिवशी एकाही लॅपमध्ये (फेरीत) सगळ्यांच्या पुढे नव्हता, त्यावरून बरीच चर्चा झाली, पण त्याची गाडी तपासणीत पास झाली होती, मग विजय त्याचाच ना.