जुना लॅपटॉप घेताना आधी काय बघावं

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतची यादी, दोन्ही वाचलं. घरात एकच संगणक आणि तो सदैव कोणाच्या तरी ताब्यात, म्हणून दुसरा सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचा हा विचार मला पटला. पण यादीत तू प्रत्येक लॅपटॉपसमोर फक्त रॅम, स्टोरेज आणि किंमत लिहिली आहेस. एवढ्यावरून कोणता घ्यावा हे सांगता येणार नाही, कारण रॅम आणि स्टोरेज बहुतेक वेळा नंतर वाढवता येतं. जे बदलता येत नाही, किंवा बदलायला गेलं तर परवडत नाही, ते आधी बघ: प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड, बिजागऱ्या, आणि त्या यंत्रावर अजून दुसऱ्या कोणाचा हक्क शिल्लक आहे का.

प्रोसेसरपासून सुरुवात कर. आय-५, आय-७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांच्या दर्जाची नावं आहेत. 'आय-७ आहे' या वाक्याला काही किंमत देऊ नकोस. चौथ्या पिढीचा आय-७ सुद्धा आय-७च असतो. पिढी कळते पुढच्या आकड्यावरून: ८२५०यू म्हणजे आठवी, १०२१०यू म्हणजे दहावी. इंटेलचा असेल तर आठवीच्या खाली उतरू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१७ मध्ये ही पिढी आली तेव्हा पातळ लॅपटॉपमधल्या आय-५ला दोनाऐवजी चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार गाभे, मिळाले. आय-५ ७२००यू आणि आय-५ ८२५०यू कागदावर सख्खे शेजारी दिसतात, पण व्हिडिओ कॉल चालू ठेवून ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडलेस की फरक लगेच जाणवेल. दुसरं कारण सुरक्षेचं. विंडोज १०चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या अपडेटचा पुरवठा, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते आणि मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. प्रोसेसर एएमडी या दुसऱ्या कंपनीचा असेल तर मायक्रोसॉफ्टने दिलेल्या प्रोसेसरांच्या यादीत नेमका नंबर शोध. विक्रेता म्हणेल, 'यावर अकरा चालू आहे.' ते आडमार्गानेही बसवता येतं, त्यामुळे चालू दिसणं हा पुरावा नाही.

तुझं काम ब्राउझर आणि लेखन एवढंच असेल तर त्याहून जुन्या यंत्रावरही लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी टाकायची मोफत प्रणाली छान चालते. मात्र अभ्यासाचं किंवा परीक्षेचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं आहे का, हे आधी विचारून घे.

आता मॉडेल. दुकानात चकचकीत दिसणाऱ्या घरगुती लॅपटॉपपेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप घे: लेनोवोची थिंकपॅड टी मालिका, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक. झाकणावर ओरखडे असतील, त्याचं काही नाही. हे लॅपटॉप उघडून दुरुस्त करता येतील असे बनवलेले असतात, उत्पादक त्यांचं दुरुस्ती-पुस्तक सर्वांसाठी खुलं ठेवतात आणि सुटे भागही मिळतात. इथे एक खाचखळगा आहे. थिंकपॅड टी४८०मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत, पण त्याच्याच पुढच्या टी४९०मध्ये काही रॅम मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर, पक्की जोडलेली आणि स्लॉट एकच. थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये तर सगळीच पक्की. म्हणून 'रॅम नंतर वाढवू' म्हणण्याआधी त्या मॉडेलचं पुस्तक उघडून बघ. रॅम पक्की असेल तर ८ जीबीच्या खाली घेऊच नकोस, १६ मिळाली तर उत्तम.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र कुलपांकडे दे, कारण इथे गेलेले पैसे परत येत नाहीत. कंपनीतून आलेल्या लॅपटॉपवर बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जचा, पासवर्ड राहिलेला असू शकतो. पूर्वी मदरबोर्डवरचा सेल काढला की असे पासवर्ड पुसले जायचे. या व्यावसायिक मॉडेलांत तसं होत नाही, कधी कधी मदरबोर्डच बदलावा लागतो. म्हणून विक्रेत्यासमोर बायोसमध्ये शिर आणि एखादी सेटिंग बदलून जतन होते का बघ. दुसरं कुलूप दिसतच नाही. कंपनीने लॅपटॉप स्वतःच्या व्यवस्थापनात नोंदवलेला असेल, तर नवं विंडोज टाकून पहिल्यांदा इंटरनेट जोडल्यावर तो जुन्या कंपनीचं लॉगिन मागू लागतो. आधीच चालू करून ठेवलेल्या यंत्रात हे कळणार नाही. म्हणून विक्रेत्याला सांग: माझ्यासमोर रीसेट कर, वाय-फाय जोड आणि सेटअप शेवटपर्यंत ने. वेळ लागेल, तरी आग्रह सोडू नकोस. मॅकबुक असेल तर ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे जुन्या मालकाच्या ॲपल खात्याचं कुलूप, निघालं आहे का, आणि क्रोमबुक असेल तर त्याचे अपडेट कोणत्या तारखेला थांबणार आहेत, हे बघ. ज्याला यातलं काही दाखवायचं नाही, त्याच्याकडून कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नकोस.

स्क्रीन पांढरी करून नीट न्याहाळ, मग वरून आणि बाजूने बघ. रंग उलटे दिसू लागले किंवा स्क्रीन काळवंडली, तर पॅनेल हलक्या प्रतीचं आहे. १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलची स्क्रीन टाळ, चांगल्या मॉडेलांतही ती विकली गेली आहे. रोज तासन् तास डोळे तिथेच लागणार आहेत, तेव्हा १९२० गुणिले १०८०ची आयपीएस, म्हणजे बाजूनेही रंग न बिघडणारी, स्क्रीन हवी. कीबोर्डची प्रत्येक कळ दाबून बघ, प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी खुपस, झाकण सावकाश उघडताना कडेचं प्लास्टिक फाकतंय का ते बघ. गेमिंग लॅपटॉपचा मोह सोड. त्याने आयुष्यभर उष्णता सोसलेली असते आणि तुला त्याचा उपयोग नाही.

बॅटरी उतरलेली असणारच, त्यासाठी नाकारू नकोस. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport ही आज्ञा दिली की एक अहवाल तयार होतो, त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही दिसतात. ५०,०००ची ३०,००० झाली असेल तर ६० टक्के उरली. घरात प्लगजवळ वापरायला तेवढी चालते आणि घासाघीस करायलाही हा आकडा कामी येतो. पण टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगलेला वाटला तर ती बॅटरी सुजली आहे. असा लॅपटॉप चार्जला लावून बघू नकोस, तसाच परत दे.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी त्याची डिस्क पूर्ण पुसून मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत फाइलमधून विंडोज पुन्हा टाक. आधीच्या माणसाने आत काय ठेवलं होतं हे कळायला मार्ग नाही. विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे ते मूळचं असेल तर पुन्हा विकत घ्यावं लागणार नाही. आत जुनी फिरती हार्ड डिस्क निघाली तर त्याच वेळी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसव. जुन्या यंत्रात याहून मोठा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

यादी पुन्हा कर. या वेळी प्रोसेसरचा पूर्ण नंबर, स्क्रीनचं रिझोल्यूशन आणि रॅमचे स्लॉट लिही. पसंत पडलेल्या दोन-तीन लॅपटॉपांचे बॅटरी रिपोर्ट मागव आणि पैसे देण्याआधी मला पाठव, आपण मिळून बघू.

तुझ्या पत्राची वाट बघत आहे.