मत नसलेल्यांचं मत

पुणे, १२ जानेवारी २०२६

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा शनिवारचा मेसेज तीनदा वाचला. त्यात दोनदा चष्मा सापडत नव्हता म्हणून. "सर, माझं नाव बार्शीच्या मतदार यादीत. पुण्यात मला मत नाही. मग इथल्या महापालिका निवडणुकीवर मी मत मांडायचं की गप्प बसायचं?" मेसमध्ये कुणीतरी तुला "तुम्ही बाहेरचे, स्पर्धा परीक्षा द्या आणि जा" असं ऐकवलं, हेही तू खाली लिहिलंयस. फोनवर दोन वाक्यांत सांगून टाकलं असतं. पण खिडकीखाली प्रचाराची रिक्षा उभी आहे आणि 'ताई माई अक्का, विचार करा पक्का' एवढ्या जोरात चाललंय की माझं मलाच ऐकू येत नाही. म्हणून कागद ओढला.

आपल्या भाषेची गंमत बघ. मनात येतं तेही मत आणि यंत्रात पडतं तेही मत. ज्याला दुसरं नाही त्याने पहिलंही ठेवू नये, असं त्या मेसमधल्या शहाण्याला वाटलं असणार. तीन वर्षं तू खडकवासल्याचं पाणी पितेस, सदाशिव पेठेत एका कॉटचं भाडं भरतेस, पीएमपीच्या थांब्यावर ताटकळतेस. बोल की! पुण्याबद्दल बोलायला पुण्यातच जन्मावं लागतं असं मानणारे बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत. त्यातले निम्मे साताऱ्याहून आलेत.

यादीचं म्हणशील तर मात्र दोष तुझा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चारही अर्हता तारखा, म्हणजे अठरा पूर्ण झाली का ते मोजायच्या तारखा, तू झोपेत सांगशील. या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली आहे. त्याआधी आठ नंबरचा अर्ज भरून नाव इकडे आणायला तुला हवा तेवढा वेळ होता. प्रश्न सोडवताना अर्ज क्रमांक ८ कशासाठी असतो यावर तू बरोबर खूण केली होतीस, मला आठवतंय. अर्ज तेवढा राहिला.

इथेच मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे. चालू घडामोडी तुला पाठ आहेत, ही तुझी अडचण आहे. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिका राज्य निवडणूक आयोग घेतो, पहिल्याला कलम ३२४, दुसऱ्याला २४३ के आणि २४३ झेडए, हे तू घडाघडा म्हणतेस. आमच्या कट्ट्यावरच्या सात जणांपैकी सहा जण अजून दोन्ही आयोगांना एकच समजून शिव्या देतात, तेव्हा तू त्यांच्या पुढेच आहेस. पण तुझ्या भागाचं क्षेत्रीय कार्यालय कुठे आहे, असं मी दिवाळीनंतर विचारलं तेव्हा तू माझ्याकडे अशी बघत राहिलीस, जणू काही अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलं.

त्यात तुझी चूक अर्धीच. महापालिकेची मागची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या खटल्यांत सगळं अडकलं; शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितल्या, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. म्हणजे तू पुण्यात आल्यापासून इथे पदावरचा नगरसेवक तू पाहिलेलाच नाहीस. माजी आणि भावी मात्र प्रत्येक खांबावर लटकत होते.

याच काळात आपल्याला खासदारही नव्हता. गिरीश बापट मार्च २०२३ मध्ये गेले. पोटनिवडणूक झालीच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने 'घ्या' म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि थेट मे २०२४ ला सार्वत्रिक निवडणुकीत मतदान झालं. वर्षभराहून अधिक काळ एवढ्या मोठ्या शहराचा ना खासदार ना नगरसेवक. कट्ट्यावर आम्ही यावर किती दिवस बोललो? मला आठवत नाही. युक्रेन आणि क्रिकेटच्या विश्वचषकावर बोलल्याचं चांगलं आठवतं.

आता ऑगस्ट २०२४ आठव. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला, आली आणि तुम्ही सगळे शास्त्री रोडवर आंदोलनाला बसलात. त्या रात्री पायात चप्पल नव्हती, कुणीतरी बिस्किटांचे पुडे वाटले, हे तू मला सांगितलंयस. घरात पंख्याखाली बसलेल्या लोकांनी तुमच्याबद्दल काय काय म्हटलं तेही तू दाखवलंस. 'अभ्यास करायचा नाही म्हणून तमाशा', 'मागून कुणीतरी पैसे दिलेत', 'विरोधकांची पोरं'. परीक्षा पुढे ढकलली गेली, पण ती वाक्यं तुझ्या मनातून गेली नाहीत. त्यातला एक जण जरी शास्त्री रोडवर येऊन दहा मिनिटं उभा राहिला असता तरी बोलायचा थांबला असता, असं तूच म्हणालीस. मला तुझं तेच वाक्य तुला परत द्यायचं आहे. तू ज्या विषयावर बोलतेस त्या विषयाच्या शास्त्री रोडवर तू उभी राहिली आहेस का?

मी कुठे उभा होतो? ऐक. ही गोष्ट कट्टा सोडून मी कुणाला सांगत नाही.

जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला. राज्यात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीच्या. मी कट्ट्यावर जाहीर केलं की विधानसभेला काही प्रश्नच नाही. एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा. तीस गुणिले सहा, एकशे ऐंशी. थोडी सूट देऊन एकशे साठ. पैज लावली, सगळ्या कट्ट्याला मिसळ. तुम्हाला गणित शिकवणारा माणूस मी!

ऑगस्टमध्ये एका सकाळी पोळ्यांच्या मावशी नेहमीपेक्षा लवकर आल्या. दांडेकर पुलाजवळून येतात त्या. पदराला हात पुसून त्यांनी फोन पुढे केला. "काका, हे वाचा बरं, आलेत ना?" तीन हजार रुपये जमा झाल्याचा बँकेचा मेसेज होता. लाडकी बहीणचे पंधराशे-पंधराशेचे पहिले दोन हप्ते. मी म्हटलं, "हो, आलेत, छान." आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. पेपरात राज्याच्या राजकारणाची दिशा की काहीतरी असा अग्रलेख होता. मावशी मात्र थांबल्या नव्हत्या. शेजारणीचे आलेत, जावेचे नाही आले, तिचं आधार बँकेला जोडलेलं नाही, पहिल्यांदाच असं झालं की पैसे आले आणि नवऱ्याला ठाऊक नाही, असं त्या तव्याशी बोलत होत्या. मला सगळं ऐकू येत होतं. ते राजकारण आहे हे मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही.

२३ नोव्हेंबरला भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. आघाडीच्या तिन्ही मोठ्या पक्षांचे मिळून ४६. त्या एका योजनेनेच हे झालं असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर ती माझी दुसरी गुणाकाराची चूक ठरेल. पण तीन महिने आधी माझ्याच स्वयंपाकघरात कुणीतरी मला काहीतरी सांगत होतं आणि मी तीस गुणिले सहा धरून बसलो होतो. मिसळीचं बिल किती झालं ते विचारू नकोस. दोघांनी तर वर ताकही मागवलं.

या वेळी शहाणपणा केला. गेल्या आठवड्यात मावशींना विचारलं, तुमच्या इथे काय चाललंय? त्या म्हणाल्या, "नळाला पाणी येतं सकाळी सहाला आणि तुमच्या पोळ्या सातला. मी पाणी भरू का पोळ्या लाटू? जो पाण्याची वेळ बदलेल त्याला." कुठल्याही जाहीरनाम्यात इतकं नेमकं कलम मला सापडलं नाही.

जाहीरनाम्यांवरून आठवलं. मोफत बस, मोफत मेट्रो असं काही कानावर पडलं की लगेच 'रेवडी' किंवा 'वा!' असं काही लिहू नकोस. आधी एवढं बघ की हे कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या खिशातून जाणार. पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका साठ-चाळीस अशी भरतात, तेव्हा बसचं निदान महापालिकेशी नातं आहे. मेट्रो ही केंद्र आणि राज्याच्या भागीदारीतली कंपनी. नगरसेवक ती फुकट कशी करणार, हे तुझ्या खोलीवर पत्रक घेऊन येतील त्यांना हसून विचार. भांडू नकोस, फक्त विचार आणि उत्तराची वाट बघ. राज्यात सत्तेत मांडीला मांडी लावून बसलेले इथे एकमेकांविरुद्ध उभे आहेत आणि राष्ट्रवादीचे फुटलेले दोन गट इथे एकत्र आलेत, तेव्हा उत्तर देताना त्यांचीही जरा धांदल उडेल. बघायला मजा येते.

यंत्राबद्दल तू विचारलंयस, तर त्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण ते मी हाताळलंय. शाळेत शिकवत असताना दर निवडणुकीला माझी ड्युटी लागायची. पुढे पुढे केंद्राध्यक्ष म्हणून. आदल्या दिवशी साहित्य घ्यायचं, एसटीत किंवा टेंपोत बसून शाळा गाठायची, बाकांवर झोपायचं. पहाटे मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचं, म्हणजे खोटी मतं टाकून, मोजून, जुळतात ते दाखवून, पुसून, मग सील. संध्याकाळी एकूण किती मतं पडली याची नोंद सतरा-सी नावाच्या नमुन्यात करून तिची प्रत प्रतिनिधींच्या हातात द्यायची. मोजणीच्या दिवशी तो आकडा जुळवता येतो. हे सगळं ज्यांच्यासाठी करायचं ते प्रतिनिधी पहाटे किती असायचे? कधी दोन, कधी एक, आणि तोही डुलक्या घेणारा. एकदा तर कुणीच नव्हतं. पंधरा मिनिटं वाट पाहून आम्ही सुरुवात केली. सतरा-सीची प्रत घ्यायला संध्याकाळी एकजण आला, त्याने ती चौकोनी घडी करून तंबाखूच्या पुडीबरोबर खिशात टाकली.

म्हणून 'यंत्र हॅक झालं' म्हणणाऱ्याला आणि 'यंत्रात काही होऊच शकत नाही' म्हणणाऱ्याला, दोघांनाही मी एकच विचारतो: पहाटे तू कुठे होतास? शंका घ्यायला माझी ना नाही. महापालिकेला चिठ्ठीचं व्हीव्हीपॅट नाही, बहुतेक प्रभागांतून चार जण निवडायचे, सगळी मतं दिल्याशिवाय मतदान पुरं होत नाही. यावर विचारण्यासारखं पुष्कळ आहे. पण विचारायचं तर सील लागण्याआधी तिथे बसून. नाव इकडे आलं की एखाद्या निवडणुकीला प्रतिनिधी म्हणून बस. कुठल्या पक्षाची, ते मला सांगू नकोस.

आता घरचं. बाबांशी फॅमिली ग्रुपवर भांडलीस आणि त्यांना 'व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठ' म्हणालीस. ते मला आवडलं नाही. सप्टेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यात शेतांत पाणी शिरलं तेव्हा ते गुडघाभर चिखलात उभे होते आणि ऑक्टोबरात तू इथे मदतीच्या पॅकेजचा आकडा पाठ करत होतीस, ३१ हजार ६२८ कोटी. त्यातले त्यांच्या खात्यात किती आले, कधी आले, पंचनाम्याला कोण आलं, हे तू विचारलंस? त्यांचं पक्षाबद्दलचं मत तुला पटू नये, मलाही पटत नाही. पण शेतातल्या पाण्याबद्दल ते सांगतील ते वहीत उतरवून घे. परवा संक्रांत आहे, फोन कर. यंदा तिळगूळ चौदाला आणि मतदान पंधराला, गोड बोलायला एकच दिवस मिळतोय.

पंधराला तुमची अभ्यासिका बंद असेल. साडेसातला मतदान सुरू होतं. मी पहिल्या रांगेत असतो, सवयच लागलीय. तू शंभर मीटरच्या बाहेर टेबलं मांडून बसलेल्यांकडे जा. कोण याद्या चाळतंय, कोण कुणाला नंबर शोधून देतंय, कोण रिक्षा पाठवतंय, हे तासभर बघ. फोन खिशातच ठेव. मग घरी ये, पोहे करतो.

माझ्या भिंतीवरच्या कालनिर्णयात मी प्रत्येक निवडणुकीचा अंदाज निकालाच्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहून ठेवतो. नोव्हेंबर २०२४ चं पान अजून फाडलेलं नाही. तुझी काकू पाहुण्यांना दाखवते. यंदा १६ तारखेच्या चौकटीत १६५ पैकी कुणाला किती, ते लिहिलंय. काल मावशींनाही विचारलं. त्यांनी आकडा सांगितला नाही, माझा वाचून नुसत्या हसल्या. मी तो खोडून दुसरा लिहिलाय.

तू तुझा चिठ्ठीवर लिहून आण. हरेल त्याने मिसळ द्यायची. जादा पाव ज्याचा त्याने.

तुझा,
सर