तीन जजांपुढे हरलो, आता सगळ्यांपुढे जाता येतं का?

प्रश्न: मुलगा कॅलिफोर्नियात असतो. जुन्या कंपनीशी पगारावरून वाद होता, ती केस तो फेडरल अपील कोर्टात दोन विरुद्ध एक अशी हरला. वकील म्हणतायत आता ‘एन बांक’ मागू, सगळे जज बसतील, पण फी वेगळी. पैसे घालावेत का? – एक आई, नाशिक

उत्तर: ताई, आधी निकालाची तारीख बघा. खाजगी कंपनीविरुद्धच्या केसमध्ये अर्जाला फक्त 14 दिवस मिळतात, 45 दिवस कुठे वाचलंत तर ते अमेरिकेचं केंद्र सरकार पार्टी असलेल्या सिव्हिल केसेससाठी आहे.

आणि हे दुसरं अपील नाही हो, म्हणजे निकाल चुकला एवढं म्हणून भागत नाही, तर तो त्याच कोर्टाच्या जुन्या निकालाशी किंवा सुप्रीम कोर्टाशी भिडतोय, नाहीतर दुसऱ्या सर्किटशी, म्हणजे दुसऱ्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाशी भिडतोय, किंवा प्रश्नच फार मोठा आहे असं दाखवावं लागतं. आपल्याकडे मोठं बेंच चीफ जस्टिस बसवतात, तिथे जज मतदान करतात! एकाही जजने मतदान मागितलंच नाही तर अर्ज तिथेच संपतो, आणि मागितलं तरी कामावर असलेल्या जजांचं बहुमत लागतं. त्यामुळे बहुतेक अर्ज छोट्याशा ऑर्डरमध्ये फेटाळले जातात.

‘सगळे जज’ हेही कॅलिफोर्नियात खरं नाही. ते नाइन्थ सर्किटमध्ये येतं, तिथे जजांच्या जागा 29, एवढे एकत्र कुठे बसवणार, म्हणून चीफ जज आणि चिठ्ठ्या टाकून काढलेले 10 असे 11 बसतात.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, बाकी दोघांच्या विरोधात गेलेला तिसरा जज. त्याचं मत म्हणजे अर्जाचा अर्धा मसाला तयार, शिवाय तो स्वतःही मतदान मागू शकतो. पण तेवढ्याने काम होईल असं मला वाटत नाही, वकिलांना सरळ विचारा की हा निकाल नेमक्या कोणत्या जुन्या निकालाच्या विरुद्ध जातो, नाव सांगा. इकडचं तिकडचं बोलायला लागले तर पैसे वाचवा.

अर्ज केलाच तर समोरच्याने आपणहून उत्तर द्यायचं नसतं, कोर्टाने मागवलं तर समजा आत कोणीतरी मनावर घेतलंय. मंजूर झालं तर तीन जजांचा निकाल बाजूला पडतो, पण म्हणजे तुम्ही जिंकलात असं नाही. नामंजूर झालं तरी अर्ज वेळेत असेल तर सुप्रीम कोर्टात जायचे 90 दिवस त्या नकारापासून मोजतात.

फी फक्त अर्जापुरती आहे की पुढच्या सुनावणीचीही, ते आधी लिहून घ्या.